पेटीची खुडखुड

गल्लीत तिला सगळे आवाजबाई म्हणत. तिचा स्वतःचा आवाज मात्र एवढा बारीक, की दुकानात एक वस्तू दोनदा मागितल्याशिवाय मिळत नसे. "आवाजबाई, जरा आवाज काढा की," असं दुकानदार रोज म्हणायचा आणि रोज आपणच हसायचा.

इस्पितळाच्या वाचा-उपचार विभागात तिने बरीच वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावरही एक काम घरी येतच राहिलं. घशाच्या आजारामुळे ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकायचं ठरलेलं असे, अशी माणसं शस्त्रक्रियेच्या आधी तिच्याकडे येत. मागच्या खोलीत माइकसमोर बसून रोजची वाक्यं आपल्या आवाजात बोलून ठेवत. पाणी दे. पंखा बंद कर. दुखतंय. नाही दुखत. कोण आलंय? पुढे मोबाईलवर त्या त्या वाक्याचं बटण दाबलं, की यंत्राचा नव्हे, त्या माणसाचा स्वतःचा आवाज बोले.

त्या खोलीच्या भिंतींना जाड रजया ठोकलेल्या होत्या. घड्याळ काढून टाकलेलं, कारण त्याची टिकटिक माइकमध्ये येई. पलीकडच्या गळक्या नळाला फडकं बांधलेलं. कॉम्प्युटरला काही सांगायचं झालं की तो 'टिंग' असा वाजे, तेही तिने नवऱ्याकडून बंद करून घेतलं होतं. "एखादा 'दुखतंय' म्हणेल आणि मागून टिंग! जन्मभर त्या बिचाऱ्याच्या दुखण्यामागे घंटा वाजत राहील," ती म्हणाली होती.

भित्रेपणा तिच्या हाडीमासी होता. गॅस बंद केला का ते बघायला ती अर्ध्या जिन्यावरून परत येई. बंदच आहे असं बघून खाली गेली, की बघताना आपलाच हात लागून तो चालू तर झाला नाही ना, म्हणून पुन्हा वर. नवरा म्हणे, "तुझ्यापेक्षा तो गॅस जास्त दमत असेल." पण गॅस, कुलूप, इस्त्री ही सगळी किरकोळ भीती. मोठी भीती वेगळीच होती. तिचे वडील गेले तेव्हा ती शाळेत होती. त्यांचा चेहरा, हातावरचा तीळ, चपलांची झिजलेली टाच, सगळं तिला आठवे. आवाज आठवत नसे. पुष्कळ वेळा डोळे मिटून बसायची, वडील ओठ हलवत, पण ऐकू काही येत नसे. म्हणून एकदा हाती आलेला आवाज आपल्याकडून हरवेल, याचीच तिला धास्ती असे.

नवऱ्याचं आयुष्य टेलिफोनच्या तारा ओढण्यात गेलेलं. निवृत्तीनंतर त्याने गच्चीवर जाणाऱ्या जिन्याखालच्या कपाटात, टॉवेल-चादरींच्या खालच्या फळीवर, एक काळी पेटी आणून बसवली. आत दोन डिस्क होत्या, एकीवर लिहिलं तेच दुसरीवरही लिहिलं जाई. घरातल्या नेटवर्कवरून कोणत्याही खोलीतून तिच्यात फायली ठेवता येत. काम चालू असलं की पेटी आतून खुडखुडे, उंदराने लाकूड कुरतडावं तशी. आवाजबाईचा भरवसा मात्र साबणाच्या वडीएवढ्या एका डिस्कवर. ती छोट्या वायरने कॉम्प्युटरला जोडायची, आवाज तिच्यावर उतरवायचा आणि मग रुमालात गुंडाळून ती शिवणाच्या डब्यात ठेवून द्यायची.

"पेटीत ठेवलेलं डोळ्यांना दिसत नाही," ती म्हणे.

"डब्यात ठेवलेलं दिसतं?"

"डबा उघडला की दिसतं."

"आणि घराला आग लागली तर? डबा काखेत मारून पळणार?"

"हो. आणि तुम्ही काय कराल? जिन्याखाली पेटीचे स्क्रू काढत बसाल?"

भांडण मिटत नसे, म्हणून दोन्हीकडे ठेवायचं असा तह झाला होता. पण नवऱ्याच्या मनात खुपत राही ते वेगाचं. एकच भलं मोठं फोल्डर घेऊन तो दोघांची शर्यत लावी. पहिल्यांदा पेटी बिनतारी जोडलेली होती तेव्हा तर लाजच गेली. आकडा वर चढे, आणि स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह लागला की धाडकन खाली येई. मग त्याने भिंतीतून, चौकटीच्या कडेने, अगदी मागच्या खोलीपर्यंत जाड तार ओढली. निवृत्त माणसाच्या अंगात पुन्हा जुनं खातं संचारलं. आकडा सेकंदाला शंभर एमबीच्या जरा वर जाऊन ठरला. त्या तारेची ऐपतच तेवढी. वडीएवढी डिस्क मात्र चौपट वेगाने फोल्डर गिळून मोकळी होई.

"तुमची तार सरळ आहे हो," आवाजबाई म्हणे, "पण बिचारी पायी चालते."

हे त्याला फार झोंबलं. तो आठवडाभर पेटीच्या मागे लागला. वर्तमानपत्रात चोऱ्यांबद्दल वाचून त्याने पेटीचा पासवर्ड बदलला, कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये इथली खूण काढली, तिथली लावली. मग एका दुपारी बाह्या सरसावून म्हणाला, "आज शेवटची शर्यत. हरेल त्याने आपली पद्धत सोडायची. कुरकुर करायची नाही."

"कबूल," ती म्हणाली. हरण्याचा प्रश्नच नव्हता.

डिस्कने आपला नेहमीचा आकडा दाखवला. मग पेटीची पाळी आली, आणि आकडा डिस्कच्याही वर, पार दीडपटीला जाऊन पोचला. नवरा खुर्चीतून उठून टाळ्या पिटू लागला. "बघ! नीट चष्मा लावून बघ! पायी चालते म्हणे!"

तिने चष्मा लावून बघितलं. आकडा खरा होता, आणि ती शब्दाची पक्की. तिने डिस्क रुमालात गुंडाळली, शिवणाच्या डब्याच्या तळाशी ठेवली आणि वर दोऱ्याची रिळं रचली. त्या दिवसापासून जे काही ते थेट पेटीच्या फोल्डरमध्ये. कॉम्प्युटर तुंबू नये म्हणून तिथली मूळ फाइलही ती काढून टाकू लागली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिने आपल्या भीतीला रजा दिली.

आणि त्यानंतर लगेच ड्रायव्हिंग मास्तर आले.

मास्तर मोटार चालवायला शिकवत. अर्ध्या शहराने त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या शिव्या खाल्लेल्या. आवाज आजारामुळे खरखरीत झालेला, तरी दणदणीत. बरोबर त्यांची बायको होती, ठेंगणी, हातात भली मोठी पिशवी आणि तोंडाला विश्रांती नाही.

"बाई, मला पहिल्यांदा 'ब्रेक' हवा," मास्तर खुर्चीत बसता बसता म्हणाले. "पण एक नको. पहिल्या दिवसाचा वेगळा, दहाव्या दिवसाचा वेगळा. आणि एक शेवटचा, समोर भिंत आल्यावरचा."

त्यांनी सगळे ब्रेक दिले. शेवटच्या ब्रेकला स्वयंपाकघरात आवाजबाईच्या नवऱ्याच्या हातून चमचा पडला. मग वाक्यं झाली. पाणी दे, दुखतंय, दार लाव. बायको कोपऱ्यात बसून ऐकत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"बाई, हे सगळं गोडगोडच चाललंय. ह्यांची कुरकुर पण घ्या."

"कुरकुर?"

"चहाबद्दलची. रोज सकाळी असते. असा गोड बोलणारा माणूस घरात बसला तर मला परका वाटेल हो."

"चहा चहासारखा केलास तर कशाला कुरकुरेन?" मास्तर म्हणाले.

"हेच! हेच घ्या!"

माइक चालू होता. मास्तरांनी घसा खाकरला आणि चहाबद्दल जे सुरू केलं ते थांबेचनात. पाणी, पावडर, साखर, सासुरवाडी, सगळ्यांचा उद्धार झाला. बायको पदर तोंडाला लावून हसत होती, आणि हसता हसताच केव्हा रडू लागली ते तिचं तिलाही कळलं नाही. मध्येच कॉम्प्युटरचा पडदा क्षणभर गोठला आणि पुन्हा हलला. कालही असंच झालं होतं. कॉम्प्युटर तुंबत आला असेल, असं म्हणून आवाजबाईने दुर्लक्ष केलं. सगळ्या फायली तिने पेटीच्या फोल्डरमध्ये टाकल्या. डोळ्याचं पातं लवायच्या आत गेल्या.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी तिला चैन पडेना. मन गुंतवायला म्हणून ती मास्तरांच्या वाक्यांमधले खोकले कापत बसली. सुधारलेल्या फायली पुन्हा पेटीत टाकल्या आणि हात धुऊन टॉवेल घ्यायला जिन्याखालचं कपाट उघडलं.

पेटी गप्प होती.

हिरवा दिवा लागलेला, पण आवाज नाही. तिने कान जवळ नेला. जन्मभर ज्या कानांनी माणसांच्या घशातली बारीकशी कापरी जागा ओळखली, त्या कानांना आत काहीच लागेना. तिने हात ठेवून बघितला. पत्रा निवांत.

"अहो," ती म्हणाली, "पेटी बोलत नाही."

नवरा पायरीवर बसून बुटांना ब्रश मारत होता. "झोपली असेल."

"मी आत्ता गठ्ठाभर फायली टाकल्यात तिच्यात."

"मग जागी असेल."

"मग बोलत का नाही?" तिचा आवाज आणखी बारीक झाला होता. "शर्यतीच्या दिवशी तरी खुडखुडली होती का हो? आठवून सांगा. टाळ्या तुमच्या वाजत होत्या. पेटी वाजली होती का?"

तो बूट उलटा करून टाच घासू लागला.

"तुमच्या तारेत सेकंदाला किती मावतं?"

"शंभराच्या जरा वर. कितीदा सांगितलंय तुला..."

"आणि त्या दिवशी किती आलं?"

ब्रश हातातल्या हातात थांबला. तारा ओढून हात झिजवलेला माणूस तो, त्याला यापुढे समजावून सांगावं लागलं नाही. पाइपात मावेल त्याहून जास्त पाणी नळाला आलं, तर ते त्या पाइपातून आलेलंच नसतं. इतकी साधी गोष्ट, आणि जिंकण्याच्या भरात ती त्याने बघितलीच नव्हती. त्याचा चेहरा उतरत गेला तो तिने बघितला, आणि ती जास्तच घाबरली. कारण त्या घरात घाबरण्याचं खातं तिच्याकडे होतं. तो कधी घाबरत नसे.

त्याने मोबाईलवरून नवा पासवर्ड घालून पेटी उघडली. जुन्या माणसांचे आवाज सगळे जागच्या जागी. मास्तर कुठेच नव्हते.

"नवा पासवर्ड तुम्ही पेटीला दिलात," ती हळूहळू म्हणाली, "कॉम्प्युटरला सांगितलात का?"

"राहिलं."

तेवढंच. राहिलं. वेग वाढावा म्हणून त्याने एक खूण लावली होती, फायली आधी कॉम्प्युटरनेच जवळ ठेवायच्या आणि सवडीने पेटीकडे पाठवायच्या. कॉम्प्युटर रोज पाठवायला जाई, जुना पासवर्ड सांगे, दारातून परत येई. तसं तो कळवतही असणार. पण त्याची घंटा यांनीच बंद केलेली. शर्यत झाली ती कॉम्प्युटरची त्याच्या स्वतःशीच. आणि मास्तरांचा आवाज या क्षणी जगात एकाच ठिकाणी होता, त्या गोठू लागलेल्या कॉम्प्युटरच्या पोटात. नाही, दोन ठिकाणी. अजून मास्तरांच्या गळ्यातही होता.

"इस्पितळात फोन लावा! थांबवा त्यांना!"

नंबर लावेपर्यंत तिची बोटं तीनदा चुकली. फोन मास्तरांच्या बायकोने उचलला.

"आत्ताच आत नेलं हो," ती म्हणाली. मागे चाकांचा, पावलांचा आवाज. "जाता जाता नर्सला म्हणाले, गाडी हळू घ्या, पुढे वळण आहे. शेवटचं तेवढंच बोलले." मग तिने विचारलं, "तुमच्याकडे आहेत ना ते नीट? मी इथे त्याच धीरावर बसलेय."

आवाजबाईने फोन दोन्ही हातांनी धरला. खोटं बोलावं तर जीभ रेटेना, खरं सांगावं तर त्या बाईला बाकावर एकटीला काय धरायला उरणार?

"मी त्यांच्याजवळच बसलेय," ती म्हणाली. "उठत नाही इथून." आणि फोन ठेवला.

पडदा पुन्हा गोठला होता. बाण हलेना. दोघं त्याच्याकडे बघत उभी राहिली. किती वेळाने कोण जाणे, तो हलला.

"नवा पासवर्ड घालतो," नवरा खुर्चीकडे झेपावत म्हणाला. "आपोआप जाईल सगळं पेटीत."

"हात लावू नका!" ती ओरडली. लग्नानंतर ती पहिल्यांदाच ओरडली असावी, कारण तो जागच्या जागी खिळला. "पेटी म्हणेल, माझ्याकडे मास्तर नाहीत. कॉम्प्युटर म्हणेल, माझ्याकडे आहेत. दोघांत खरं कोणाचं धरणार? पेटीचं धरलं आणि इथलंही पुसलं तर?"

"तसं नाही होत बहुतेक."

"बहुतेक?"

मग वाकून, चौकटीच्या कडेने स्वतः ओढून आणलेली ती तार त्याने आपल्या हाताने कॉम्प्युटरमधून उपटली. ती शिवणाच्या डब्याकडे धावली. रिळं घरभर घरंगळली. रुमाल सोडताना गाठ सुटेना, तेव्हा तिने दाताने सोडवली.

डिस्क जोडली. फायली निघाल्या. नेहमी चौखूर उधळणारा आकडा आज पावलं मोजत होता. शंभराच्या खाली आला, तारेच्याही खाली आला, मग बिनतारी असतानाच्याही खाली. दोष डिस्कचा नव्हता, देणारा कॉम्प्युटरच मोडकळीला आला होता. कधी शून्यावर येऊन उभा राही आणि पुन्हा चार पावलं टाकी. ज्या आकड्यावरून महिनोन्‌महिने भांडणं झाली, त्याच्याकडे बघून ती पुटपुटत होती, "हळू ये रे बाबा. पायी ये. पण ये."

नवरा तिच्या मागे उभा होता. "माझं चुकलं गं," तो म्हणाला.

"आता बोलू नका," ती म्हणाली. "मला ऐकू दे." ऐकण्यासारखं तिथे काहीच नव्हतं, तरी.

ब्रेक आले, सगळेच्या सगळे. पाणी दे आलं. दुखतंय आलं. शेवटची फाइल तेवढी राहिली, चहाची कुरकुर. तिथे पडद्यावर पाटी आली, ही फाइल वाचता येत नाही. त्याने पुन्हा करून बघितलं. पुन्हा तीच पाटी. मग जुन्या मित्राला फोन करून, त्याने सांगितलेल्या एका सॉफ्टवेअरने जेवढं उचलता येईल तेवढं उचललं. मग कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला आणि काही केल्या उजळला नाही.

नवऱ्याच्या जुन्या लॅपटॉपला डिस्क लावून तिने एकेक वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. फाइल दिसतेय यावर तिचा आता विश्वास नव्हता. सगळी धड होती. कुरकुर मात्र सुरू झाली आणि थोडक्यात तुटली. साखर गेली, सासुरवाडी गेली, बायकोचं हसणं आणि रडणं गेलं.

मास्तर घरी आल्यानंतर ती दोघं त्यांना भेटायला गेली. मास्तर गळ्याला पट्टी लावून उशीला टेकून बसलेले. तिने मोबाईल त्यांच्या हातात दिला, बटणं समजावली. मग बायकोकडे वळली. वाटेत शंभरदा घोळवलेली वाक्यं ऐन वेळी पळून गेली.

"ती चहाची कुरकुर पुरी नाही," ती म्हणाली. "पुढे पुष्कळ होतं. माझ्याकडे असताना गेलं. दोन जागी ठेवायचं, ते मी ठेवलं नाही."

नवरा पुढे झाला. "तिचं नाही, माझं..."

बायकोने हात करून दोघांना थांबवलं आणि बटण दाबलं.

"हा काय चहा आहे? पाणी तरी ह्याहून..." मास्तर म्हणाले, आणि तुटले.

बायको मोबाईलकडे बघत राहिली. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेवढंच.

"बरोबर आहे," शेवटी ती म्हणाली. "एवढं झालं की मी कप उचलून घेऊन जायची. पुढचं मी कधी ऐकलंय कुठे?" डोळे पुसून तिने पुन्हा दाबलं, आणि मग पुन्हा. चौथ्या वेळेला मास्तरांनी मोबाईल तिच्या हातून ओढला, घाईघाईने बटण शोधलं, आणि सगळी खोली दणाणली. भिंत आल्यावरचा ब्रेक.

परत येताना नवरा बराच हलका झाला होता. ती नव्हती. ती बाई खरं बोलली की आपल्याला जपलं, हे तिला कळलं नव्हतं, आणि कधी कळणारही नव्हतं.

घरात नवा कॉम्प्युटर आला, टिंग पुन्हा वाजू लागलं. नवरा त्यानंतर शर्यतीचं नाव काढत नाही. पुढच्या खेपेला एक तरुण शिंपीण आली. तिची वाक्यं झाली, डिस्कवर उतरली, रुमालात गेली. मग पेटीत टाकली. शिंपीण पिशवी उचलून निघाली, तर आवाजबाई जिन्याखालचं कपाट उघडून, चादरींत डोकं घालून उभी.

"काय झालं?" शिंपिणीने खालच्या, खरखरीत आवाजात विचारलं. "जाऊ ना मी?"

"थांबा," आवाजबाई म्हणाली. तिचा तळहात पत्र्यावर होता. "अजून ऐकू आलं नाही."

दोघी तशाच उभ्या राहिल्या. मग आत कुठेतरी, उंदराने लाकडाला पहिला दात लावावा तशी, पेटी खुडखुडली.

"आता जा," ती म्हणाली. शिंपीण जिना उतरली तरी तिने हात काढला नव्हता.